फोटोत काय आहे?

दिपमालाला जन्मापासून दिसत नाही. अमळनेरच्या प्रेमराज सरांनी तिला बोलणारा कॉम्प्युटर शिकवला आणि ती धुळ्यात नोकरीला लागली. कॉम्प्युटर अक्षरं वाचून दाखवायचा, पण फोटो आला की नुसतं "फोटो" म्हणून गप्प व्हायचा. मग ती सरांनाच फोन करायची.

आज सकाळी सरांच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक फोटो आला. तिने हसतच फोन लावला.

"सर, आत्ता ग्रुपवर आला त्या फोटोत काय आहे हो?"

फोन सरांच्या पत्नीने उचलला होता. 



"तुझे सरच आहेत गं त्यात, बेटा. फोटोला हार पिवळ्या शेवंतीचा आहे."