माहेरचा सर्व्हर

फोन वाजला, मृण्मयी गालातल्या गालात हसली आणि परागचा जळफळाट झाला. हल्ली घरोघरी चॅटचा स्वतःचा सर्व्हर; माप ओलांडलं की सुना आपलं खातं सासरच्या सर्व्हरवर हलवतात. हिचं मात्र वर्षभरानंतरही माहेरच्याच सर्व्हरवर!

“कोण आहे?”

“मैत्रीण.”

“मग आपल्या सर्व्हरवर ये की! मी स्वतः बसवलाय. निरोप कुलूपबंद असतात, मलासुद्धा वाचता येत नाहीत.”

“खरंच काही कळत नाही तुला?”

“काही नाही!”

“बरं, काल आई चॅटवर कुणाशी बोलत होत्या?”

“सुधामावशीशी, दुपारभर. आणि रात्री मावशी ऑफलाइन गेल्यावर गाण्याच्या क्लासमधल्या त्या करंदीकरांशी,” पराग फणकारला.

मृण्मयीने फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.