सडा

पाहणीला आलेल्या साहेबांनी ओसरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "राख कुठे आहे?"

वच्छलाने त्या बोटाकडे पाहिलं. बोट स्वच्छ होतं. असणारच. नागपूरहून समितीचे साहेब येणार म्हणून पहाटेपासून अख्खं गाव हातात झाडू घेऊन उभं होतं. पाहुणे यायचे आणि दारात राख? बायकांनी छपरं झाडली, भिंती पुसल्या, शेणाचे सडे टाकले, वर रांगोळ्या काढल्या. आणि सगळ्यांत पुढे कोण, तर जिने वीजकेंद्राच्या राखेविरुद्ध घरोघर हिंडून तक्रारीवर सह्या घेतल्या, ती वच्छलाच. सगळा पुरावा तिने आपल्या हाताने उकिरड्यावर नेऊन टाकला होता. आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं तिला वाटलं.

"आमीच झाडली जी सकाळी," ती म्हणाली. "तुमी येऊन राहिले म्हनून."

"मावशी, मला दिसेल तेच मी लिहिणार."

"अर्धा घंटा बसा ना मंग. वारा सुटला का तुमच्या चहातच पडते."

साहेबांना तेवढा वेळ नव्हता. पण माणूस समजूतदार, त्यांनी समजावून सांगितलं. केंद्राची राख साठते त्या तळ्यावर, ती उडू नये म्हणून, उन्हाळाभर पाणी शिंपडायचं म्हणजे खर्च आला. गावाचं नुकसान नोंदलं गेलं, तर तो खर्च करावाच लागतो. नुकसानच दिसत नसेल, तर कशाला करायचा? वीज उगाच महाग होईल. "विकासाला हिशेब असतो, मावशी."

"त्या हिशेबात माही नात कुठं धरली?" वच्छलाचा आवाज चढला. "खुशीले दम लागते म्हनून रामटेकले तिच्या आजोळी ठेवली. डॉक्टर म्हन्ते, राख थांबल्याबिगर आनू नका. तुमची वीज सस्ती राहावी म्हनून पोरीनं आपल्या घरी येऊ नये काय?"

"हळू बोल वं," सरपंच चंपतराव पुटपुटले. "पाहुने आहेत."

साहेबांनी कागदावर लिहिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं: गाव अत्यंत स्वच्छ, राखेचा उपद्रव आढळला नाही. निघताना त्यांनी वच्छलाच्या रांगोळीचं कौतुक केलं. त्या कौतुकाने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शहरातल्या खोल्या गार व्हाव्यात म्हणून कोळसा इथे जळणार, राख इथल्या पोरांच्या छातीत जाणार, आणि वर शाबासकी कसली, तर अंगण झाडल्याची!

सगळे बाहेर आले तोवर वारा सुटला होता. साहेबांच्या पांढऱ्या गाडीच्या काचेवर राखेचा थर बसला होता. साहेबांनी तो पाहिला. वच्छलाने त्यांना पाहताना पाहिलं. क्षणभर तिला वाटलं, आता तरी खिशातला पेन बाहेर निघेल.

"पुसून घे रे लवकर," साहेब ड्रायव्हरला म्हणाले आणि आत जाऊन बसले.

वच्छला पुढे झाली. तिने ड्रायव्हरच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"राहू दे गा," ती म्हणाली. "पाहुन्याले आमी रिकाम्या हातानं धाडत नाही."