तिसरी ओळ

प्रोफेसर राजवर्धनच्या उजव्या चपलेचा अंगठा धोंडुबाईच्या दारातच तुटला, तेव्हा तिला मनातून बरं वाटलं. आता चप्पल शिवून होईपर्यंत हा माणूस हलत नाही.

एरवी तो आलाच नसता. धोंडुबाईचं ऐकून ये म्हणून चर्चच्या पाळकांनी ढकलला, तेव्हा शाहूपुरीतून इथवर आला. चर्चच्या गीतांचं नवं पुस्तक निघणार होतं. त्यात प्रत्येक गीताखाली कवीचं नाव आणि गीताची जन्मकथा द्यायची होती, आणि त्या जन्मकथा लिहायचं काम प्रोफेसरने स्वतःकडे ओढून घेतलं होतं. चाळीस वर्षं दोघं एकाच चर्चमध्ये बसत होती, तो पहिल्या बाकावर आणि ती मागच्या चटईवर. चपलांच्या या गल्लीत मात्र तो आज पहिल्यांदाच आला, तोही नाकाला रुमाल लावून. कातडं पायात चालत होतं त्याला, नाकाला सोसत नव्हतं.

"मावशी, थोडक्यात सांगा," स्टुलावर टेकत तो म्हणाला. उघडा पाय जमिनीला लागू नये म्हणून त्याने तो दुसऱ्या पायावर चढवून ठेवला होता. "पुस्तक उद्या छापायला जातंय."

"थोडक्यातच हाय. 'अनवाणी आलास दारी' हे गाणं माझ्या आज्ज्यानं केलंय, दौलूनं. त्याच्याखाली आज्ज्याचं नाव घाला."

"ते विल्टन मिशनरी साहेबांचं गीत आहे. शंभर वर्षं सगळे तेच सांगतायत."

"सायेब हितं पायताण करून घ्याय यायचा. आज्जा काम करता करता म्हणायचा, सायेब लिव्हून घ्यायचा. माणूस वाईट न्हवता. ऐकलं तेवढं लिव्हलं त्यानं."

प्रोफेसर हसला. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला हसावं तसं हसला. मग त्याने पिशवीतून कागद काढले. गीताच्या शेवटच्या कडव्याची तिसरी ओळ जुन्या पुस्तकांतही कुठेच नव्हती; तिथे नुसते ठिपके होते, आणि तिथं आलं की अख्खं चर्च तोंड मिटून हुंकार भरायचं. त्या हुंकारावर प्रोफेसरने तीन पानं लिहिली होती. साहेबांचं तान्हं लेकरू पटकीने गेलं, त्याच रात्री ते गीत लिहायला बसले, तिसऱ्या ओळीपाशी शब्द फुटेना, उरला तो हुंकार. हे सगळं त्याने आवाज ओला करून वाचून दाखवलं.

"सायबाचं लगीन झालं न्हवतं की," धोंडुबाई म्हणाली.

प्रोफेसरने चष्मा पुसला. "ते तपासून घेऊ. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, ते महत्त्वाचं."

"लेकरू न्हाय गेलं आणि काय न्हाय. आज्ज्याच्या दातात वादी असायची." तिने चपलेवरची कातड्याची वादी उचलून दाखवली. "अंगठा बसवायला जेवढा येळ लागतोय, तेवढंच हे गाणं. शेवटच्या कडव्याला गाठ यायची. दोन्ही हात गुतल्यालं, टोक दातात धरल्यालं. मग बोलायचं कशानं? हुं हुं करायचा. सायबानं हुं हुं लिव्हलं."

एवढी साधी गोष्ट. प्रोफेसरच्या डोक्यात ती दुसऱ्याच बाजूने शिरली. तो स्टुलावरून अर्धा उठला.

"म्हणजे तिथं शब्द आहेत?"

"हायत तर. आज्ज्याचं हात कामातनं गेलं, दवाखान्यात खाटंवर पडला, तवा मोकळ्या तोंडानं म्हटला त्यो. माझं वय बारा. माझ्याबिगर कुणी ऐकलं न्हाय."

प्रोफेसरचा उघडा पाय केव्हाच जमिनीवर आला होता. शंभर वर्षं कुणाच्या हाती न लागलेली ओळ! प्रस्तावनेत ती कुणी शोधली म्हणून छापायचं, तेही त्याने ठरवून टाकलं असणार. तोंडावर दिसत होतं.

"त्या वळीत त्याचं नाव हाय," धोंडुबाई म्हणाली. "भजनात शेवटाला असतंय तसं. दौलू म्हणून. आता तरी घालशीला का खाली?"

प्रोफेसरने क्षणभर विचार केला. क्षणभरच.

"असं करू. ओळ घेऊ, दौलूच्या जागी 'दास' घालू. भक्ताला नावाचं काय! मात्रा मी जमवतो. कवी साहेबच राहतील, आता बदलणं शक्य नाही. तुमचे आभार शेवटच्या पानावर मानू." त्याने मोबाईल तिच्या तोंडाशी धरला. "बोला. रेकॉर्डिंग चालू आहे."

धोंडुबाईने त्याच्याकडे पाहिलं. ही ओळ आपल्याबरोबर मातीत जाणार, या भीतीने तिला कितीतरी वर्षं झोप लागत नव्हती. एका पायात चप्पल घालून वाकलेल्या या माणसाकडे बघता बघता ती भीती गेली. मातीत जाईल, पण दौलूची म्हणून जाईल.

तिने अंगठा जागेवर बसवला. वादीचं टोक दातात धरलं, दोन्ही हातांनी गाठ आवळायला घेतली, आणि तिसरी ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत, सुरात, एकही वळण न चुकवता म्हटली.

हुं हुं हुं हुं, हुं हुं हुं.

"शब्द, मावशी! शब्द!" मोबाईल पुढे सारत प्रोफेसर ओरडला.

तिने ओळ पुरी केली, रापीने वादी कापली आणि चप्पल त्याच्या पुढ्यात टाकली.

"घाला पावणं," ती म्हणाली. "गाठ पक्की बसलीया. सुटायची न्हाय."