राणीची माफी

आर्वीच्या नाट्यमंडळात महाराणी व्हायचे ते नत्थूजीच. १९७४ साली गुडघे गेल्यावर त्यांनी भूमिका नर्स सुंदराला शिकवली. नाटकातली ही राणी गादीसाठी नवऱ्याकडून थोरल्या दिराचा खून करवते आणि शेवटी जावेच्या पायांशी रडून विष घेते. “सारा डाव इनं एकटीनं रचला, नत्थूजी. मंग आता रडते काऊन?” सुंदरानं तालमीत विचारलं. दिग्दर्शक भडकला, “वाक्य बदललं तर पुन्हा स्टेज दिसणार नाई तुले!” प्रयोगाला मैदान भरलं. शेवटच्या प्रवेशात सुंदरा प्याला घेऊन जावेसमोर आली. विंगेतून नत्थूजींनी वाक्य पुरवलं, “क्षमा कर, ताई.” सुंदरा वाकली नाही. “गादी मलाच हवी होती,” म्हणत तिनं उभ्यानंच प्याला रिकामा केला. दिग्दर्शक विंगेत धावला, “पुढचं सांगा तिले!” नत्थूजींनी पुस्तक मिटलं. “राहू द्या. वीस वर्षं म्या राणीले उगाच रडवलं.”