आबा, बसा मागं!

"जिमला पैसे घालवू नका. रोज सकाळी चाला आणि घरची भाकरी-भाजी खा," असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून कार्ल्याचे कोंडाजीआबा रोज फाट्यापर्यंत चालायला निघत. पण गावातला माणूस पायी दिसला की ओळखीची मोटारसायकल थांबणारच. "आबा, चालत कशाला? बसा मागं!" नाही म्हटलं तर समोरचा रुसणार, म्हणून आबा बसायचे. फाट्यावर तोच माणूस त्यांना आग्रहानं चहा आणि गरम वडापाव खाऊ घालायचा. महिन्याभरात आबांचं वजन वाढलं.

शेवटी त्यांची बायको शालूबाई म्हणाली, "तुमी निस्तं चालत ऱ्हावा. बाकीचं मी बघते."

दुसऱ्या दिवसापासून आबांना पाहून गाड्या उलट वेग घ्यायला लागल्या. चहाचं तर कुणी नावच काढेना. दिवाळीपर्यंत आबांचा पायजमा कमरेवर टिकेना.

"आगं, गावाला झालंय तरी काय? मला बघून समदी पळत्यात!"



"काय न्हाई वो. यंदा जत्रेची वर्गणी तुमी गोळा करताय, एवढंच मी नळावर बोलले व्हते."