तळ्याचं पोट

आठ दिवसांपूर्वी डोमाजीच्या गळ्याशी आलेलं पाणी आज त्याच्या घोट्यालाही लागत नव्हतं. उन्हाळाभर डबक्यात जिवापाड जपलेले शिंगाड्याचे वेल त्याने तळ्यात पायाच्या अंगठ्याने रोवले होते. ते आता चिखलावर आडवे पडले होते. पाऊस काही कमी नव्हता. पाणी खालून जात होतं.

नांदगावजवळचं हे तळं पिढ्यान्‌पिढ्या उथळच. भर पावसाळ्यातही कमरेच्या वर नाही. उथळ म्हणून ऊन तळापर्यंत जायचं, म्हणून शिंगाडा, म्हणून मासोळी, म्हणून दिवाळीनंतर करकोच्यांचे थवे. डोमाजीसारख्या मासे धरणाऱ्या ढिवरांची चार घरं त्यावर जगायची. पण फाल्गुनात ते आटायचं, मासोळ्या चिखलात तडफडायच्या आणि डोमाजीचा जीव तुटायचा. यंदा, साठ सालच्या उन्हाळ्यात, त्यानेच चारही घरांना पटवलं, की तळं पुरुषभर खोल करायचं.

त्याचा म्हातारा बाप पुंजाराम एवढंच म्हणाला होता, "गाळ हातानं काढा. तळं माय हाये, तिच्या पोटाले लोखंड लावू नका."

"काहून?" डोमाजीने विचारलं.

म्हातारा गप्प. डोमाजी हसला होता. देवीबिवीचं खूळ, दुसरं काय! महिनाभर कुदळी चालल्या. काळी चिकणमाती गाववाल्यांनी गाड्या भरभरून शेतात नेली. खाली पिवळा मुरूम लागला, तेव्हा तर सगळ्यांना मैदान मारल्यासारखं वाटलं.

आता त्याच मुरमातून पाणी बुडबुडत खाली जात होतं. काळ्या मातीचा तो थरच पाणी धरून होता, आणि तो आपणच खणून काढला, हे डोमाजीला कळून चुकलं.

पुंजाराम काठी टेकत काठावर आला. त्याला पाहताच डोमाजीला रडू आवरेना.

"बाबा, मुरूम लागला का पानी जाते, हे तुमी काहून नाही सांगतलं?"

"मले तरी कुठं ठाऊक होतं?" म्हातारा मटकन खाली बसला. "माया बापानंही मले लोखंड लावू नको, एवढंच सांगतलं. काहून, ते मी त्याले दोनदा इचारलं. तो बी गप्पच राह्यला." मग म्हणाला, "आता तुले समजलं ना? तू तुया पोराले नीट सांगजो."

डोमाजीने चिखलातला एक वेल उचलला. पोराला सांगण्यासारखं सगळं आता त्याला ठाऊक होतं. फक्त तळं नव्हतं.