सतरा नंबरचा बिल्ला

“हलू नका हं ताई, टोचेल.”

धाकटीने थोरल्या जावेच्या कोटाला गळ्याशी बिल्ला टाचला. आकड्याची बाजू आत, कोरी बाजू बाहेर. महिनाभर तिचा हाच शिरस्ता होता. सकाळी दोघींचे कोट झटकून त्यांना बिल्ले लावायचे. संध्याकाळी दारातच कोट उतरवून घ्यायचे आणि बिल्ले परत खिळ्यांना अडकवायचे, थोरलीचा सतरा नंबरच्या, आपला अठरा नंबरच्या.

“माझे हात शाबूत आहेत अजून,” थोरली म्हणाली.

“असू देत की. आकड्यावर धूळ बसली की तो पुसट होतो म्हणे. म्हणून उलटा लावते.”

“म्हणे! बिल्ल्यांच्या फिल्म धुण्यात माझी अकरा वर्षं गेली, आणि ही मला शिकवतेय.”

“करतेय तर करू दे गं,” खिडकीशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. “प्रत्येकीला नसते एवढी माया.”

त्या जुना स्वेटर उसवून टोपडं विणत होत्या. कोणाच्या बाळासाठी, ते त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. पण कोणता स्वेटर उसवू, हे मात्र धाकटीला विचारलं होतं.

युद्ध या गावात झालंच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी ते एकोणीस दिवस चाललं, तेही दूर कुठेतरी. इथे फक्त वारा आला, आणि वाऱ्यामागून पाऊस. तेव्हापासून कामावर जाणारा प्रत्येक जण बिल्ला लावत होता. बिल्ल्यात कागदी पाकिटात नखाएवढी फिल्म असे. अंगावर जितका किरणोत्सर्ग, तितकी ती काळी.

मूल घरटी एकच, तेही यादीत घराचा क्रम लागेल तेव्हा. क्रम लागलेल्या महिन्यात घरातल्या जिची फिल्म कमी काळी, तिला परवानगीचं पत्र. ते दुसरीच्या नावावर करता येत नसे. अडतीस वर्षं पूर्ण झाली की यादीतून नाव कमी.

या घराचा क्रम आठ वर्षं वाट पाहिल्यावर या महिन्यात लागला होता. थोरलीला पुढच्या महिन्यात अडतीस पुरी होणार होती. धाकटी चोवीस वर्षांची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. शिवाय ती बियाण्यांच्या कोठारात, तीन फूट जाड भिंतीआड दाणे निवडत बसायची. थोरली रोज नदीकाठचा गाळ तपासणीसाठी बरण्यांत भरायची आणि महिनाअखेरीस अंधाऱ्या खोलीत गावाच्या फिल्म धुवायची. कोणाची काळी निघणार, हे सांगायला यंत्र कशाला हवं होतं?

“धाकट्याचं काय, आपलं काय, मूल घरातच येणार ना?” थोरलीचा नवरा म्हणाला होता. त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

धाकटीचं गुणगुणणं तिला सोसेनासं झालं होतं. भांडी घासताना ती खुशाल विचारायची, “ताई, तुम्हाला मुलगी आवडेल की मुलगा?”

“मला विचारून काय करणार आहेस?”

“सांगा ना.”

“मुलगी,” थोरली एकदा म्हणून गेली. धाकटी इतकी खुशीत हसली की थोरलीने हातातली ताटली आपटली.

महिना संपला त्या दुपारी सगळे बिल्ले अंधाऱ्या खोलीत आले. थोरलीने दार लावून घेतलं, दिवा मालवला. काम बोटांचं होतं. पाकिटावर आकडा ठोकलेला असे, चिमट्यावरही. बोटाने आकडा चाचपायचा, पाकीट फाडायचं, फिल्म त्याच आकड्याच्या चिमट्यात अडकवायची. खुद्द फिल्मवर काहीच खूण नसे. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही चूक झाली नव्हती.

काळ्या फिल्मचा अर्थ तिच्याइतका गावात फार थोड्यांना कळत होता. आपल्या अंगात काय साठलं आहे, त्याचं गर्भावर काय होऊ शकतं, सगळं ती जाणून होती. मग तिला ते टोपडं आठवलं, आणि ते हसणं.

तिने सतराची फिल्म अठराच्या चिमट्यात अडकवली. अठराची सतराच्या.

फिल्म धुऊन झाल्यावर नेहमीप्रमाणे न पाहताच तिने चिमट्यांची चौकट भिंतीतल्या झडपेतून पलीकडे सरकवली. वाचायचं काम पलीकडच्या नोंदणीबाईंचं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी नोंदणीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. धाकटीने थोरलीचा हात घट्ट धरला होता. तिचा तळवा घामेजला होता.

“घाबरू नका ताई,” ती पुटपुटली. “चांगलंच होणार आहे.”

कोणाचं चांगलं, थोरलीच्या मनात आलं. आता बघच. तिने हात सोडवून घेतला नाही. एवढं तरी आपण तिला देणं लागतो, असं तिला वाटलं.

नोंदणीबाईंनी चष्मा वर सरकवला. “सतरा, बरीच काळी. अठरा, जवळजवळ कोरी. पत्र अठराला.” शिक्का उमटला. “अभिनंदन हो. पुढच्या घराला बोलवा.”

थोरली जागच्या जागी थिजली. तिला आपली बोटं आठवत होती. सतरा अठरात, अठरा सतरात. बोटं खोटं बोलणार नाहीत. तिने धाकटीकडे वळून पाहिलं; आता हिचा आनंद पाहावा लागणार म्हणून मन घट्ट करून पाहिलं.

धाकटीच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. पत्र तिच्या हातात होतं, पण ती ते परक्याची वस्तू धरावी तसं अंगापासून दूर धरून उभी होती. तिने थोरलीला भिंतीकडे ओढलं.

“असं कसं होईल ताई?” ती म्हणाली. “महिनाभर मी तुमच्या कोटाला माझा बिल्ला लावत होते, आणि माझ्या कोटाला तुमचा.”